मिरगाच्या आधीची सोलं

आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची तर काय काय भरायचं, हे आजीला तोंडपाठ होतं. उकड्या तांदळाची कणगी, कुळीथ, फाटी, नारळाची सोडणं, सुकं सुंगट, मीठ, फणसाची साटं आणि सगळ्यांत शेवटी सोलं. सोलं शेवटी, कारण ती ज्याच्या वाळवलेल्या साली, तो रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, पिकतोच शेवटी. काजूचा हंगाम एप्रिलमध्ये उताराला लागायचा, हापूस मेच्या मध्याला पेट्यांत बसून मुंबईला निघून जायचा, फणसाला पावसाचं सोयरसुतक नव्हतं. रातांब्याला मात्र खरा रंग मेच्या मध्यावर चढायचा आणि तिथून मृग लागेपर्यंत जेमतेम तीन आठवडे हातात असायचे. तेवढ्यात वर्षभराचं आंबट घरात भरून घ्यायचं. "मिरग लागाच्या आदी सोलां मडक्यात गेली व्हयी," असं आजी मे उजाडला की घोकायला लागायची, आणि ती जातही असत.

हे सांगणारे आम्ही म्हणजे कुडाळ तालुक्यातल्या एका घरातली चुलत आणि आते भावंडं. साधारण 1960 ते 1975 च्या दरम्यान जन्मलेली. काही तिथेच वाढलेली, काही परळ-लालबागच्या चाळींतून मे महिन्यात एसटीने रात्रभर आदळत येणारी. आमच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. थोरला दादा म्हणतो, आपल्या जागेत रातांब्याची सात झाडं होती. धाकटी आते अकरा सांगते आणि राईतली चार आपण पाडायला जायचो म्हणून ती आपलीच, असा तिचा हिशेब आहे. गोठ्यामागच्या झाडावरून पडून हात कुणाचा मोडला, याबद्दल तर दोन दावेदार आहेत. एका गोष्टीवर मात्र दुमत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात खळ्यात कडकडीत ऊन असायचं.

रातांबा मुद्दाम कुणी लावत नसे. व्हाळाच्या काठाने, पोफळीच्या बागेत, देवाच्या राईत, गोठ्याच्या मागे तो आपसूक यायचा. खाली झुकलेल्या फांद्या, वर निमुळतं होत गेलेलं अंग, तांबूस कोवळी पानं, आणि सावली इतकी दाट की भर दुपारी बुंध्याशी बसलं तरी कपाळावर ऊन येत नसे. सह्याद्रीचा पश्चिम उतार आणि त्याखालची कोकण, गोवा, कारवारची पट्टी हे या झाडाचं मूळ घर. तिथेही ते कुठेही उगवत नाही. उघड्या कातळाच्या सड्यावर ते आपणहून गेलेलं आम्ही पाहिलं नाही. पायाशी ओल, डोक्यावर थोडी दुसऱ्याची सावली आणि ऋतू फार टोकाला न जाणारे, असं त्याचं मागणं. घरातल्या म्हाताऱ्यांनाही फार टोकाचं काही सोसत नसे, त्यामुळे दोघांचं जमायचं.

रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बियांपासून उगवलेली निम्मी झाडं नर निघतात आणि हे कळायला फुलं येईपर्यंत सात-आठ वर्षं थांबावं लागतं. मग कोयता निघतो. फळ धरत नाही ते झाड सरपणाला, हा कोकणातला साधा व्यवहार होता. आमच्या व्हाळाकाठचं नर झाड वाचलं ते आजीमुळे. ती त्याला 'घोव', म्हणजे नवरा, म्हणायची. कमावत नाही, पण असावा लागतो. आजोबा पडवीत बसून हे ऐकत आणि पानाला चुना लावत राहत.

पाडलेले रातांबे टोपल्यांनी मागल्या पडवीत आले की बायका फतकल मारून बसत. विळीवर फळ आडवं धरून मधोमध कापायचं, आतला पांढरा गर आणि बिया मातीच्या मडक्यात, साली सुपात. तांब्या-पितळेचं किंवा लोखंडाचं भांडं जवळ आणायची बंदी होती. आंबटपणा धातूला खातो आणि सोलाला कळकट वास लागतो, हे मोठ्या काकीने आम्हांला बजावलेलं. गरात मीठ पडायचं, रस सुटायचा. साली पहिल्या दिवशी तट्ट्यावर पसरून उन्हात, संध्याकाळी त्या त्याच खारट रसात बुडवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे एक पूट. अशी पाच पुटं तरी पाहिजेत, काकीच्या मते सात. पहिल्या दोन पुटांत साल मऊ आणि लाल असते. तिसऱ्याला ती कडेने वळायला लागते. पाचव्याला काळपट जांभळी होते, बोटाने दाबली तर चिकटते पण मोडत नाही. काकी एक उचलून कानाशी नेऊन चुरगाळायची. कसला आवाज ऐकायची ते तिलाच ठाऊक, पण "आजून एका दिसाचा ऊन व्हया," असा निकाल तिथेच लागायचा. तो निकाल आईनेही कधी बदलला नाही, आणि आई काकीचं फारसं काही ऐकणाऱ्यांतली नव्हती.

पोरांची कामं दोन. कावळे हाकायचे आणि आभाळाकडे लक्ष ठेवायचं. दुपारी चारनंतर सह्याद्रीच्या अंगाने ढग चढायचे, वळीव एखाददुसरा यायचाच. "काळोख करून इलो, सोलां भितूर घेवा!" अशी हाक आली की हातातला डाव टाकून धावायचं. तासाभरात पाऊस निघून जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन लख्ख. वळीव हा आमच्या हिशेबात धरलेला होता. आम्ही त्याला शत्रू मानत नव्हतो.

बियांचंही काही वाया जात नसे. धुऊन, वाळवून, फोडून, कुटून त्या पाण्यात उकळत. वर तवंग यायचा तो काढून घेतला की थंड होताना घट्ट होई आणि मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करत, म्हणून ते मुठेल. टाचांच्या भेगांवर गरम करून लावायचं. भाताच्या लावणीत महिनाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांचे पाय त्यावर टिकायचे. मुंबईकडच्या आमच्या बहिणी त्याला नाक मुरडत. आता त्यांच्यातलीच एक ते 'कोकम बटर' म्हणून छोट्या डबीत विकत आणते. किंमत विचारली तर विषय बदलते.

1982 च्या गिरणी संपानंतर मधले काका बिऱ्हाड घेऊन गावी आले, त्या दोन-तीन वर्षांत या सोलांची किंमत आम्हांला खरी कळली. तोवर ती घरची आणि वाटण्याची वस्तू होती. मुंबईच्या प्रत्येक बिऱ्हाडाला एक पुरचुंडी आणि आगळाची, म्हणजे त्या खारट रसाची, एक बाटली. संपाच्या साली मात्र काकूने राईतली, पडीक जागेतली, ज्यांना नको होती त्यांची सगळी झाडं झोडून आणली आणि सोलं कुडाळच्या बाजारात घातली. दोन मुलांच्या वह्या-पुस्तकांचे, गणवेशांचे पैसे त्यातून उभे राहिले. न लावलेल्या, न शिंपलेल्या झाडाने एका घराला हात दिला. लावलेल्या झाडाकडून माणूस अपेक्षा ठेवतो. हे तर ध्यानीमनी नसलेलं होतं.

या सगळ्याचा कणा एकच होता. फळ पिकणं आणि पाऊस येणं यांच्या मधली ती उन्हाची फट. झाडाचा अधिवास म्हटला की आपण नकाशावरचा तुकडा डोळ्यांसमोर आणतो: एवढी उंची, एवढा पाऊस, अशी माती. आमच्या घरापुरता रातांब्याच्या अधिवासात मे महिन्याचा दुसरा पंधरवडाही मोडत होता. तो गेला, तर झाड व्हाळाकाठी तसंच उभं राहील, फळही धरेल, आणि तरी आमच्या घरातून ते गेलेलं असेल.

तो पंधरवडा आता भरवशाचा राहिलेला नाही. 16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. त्याआधीच्या वर्षी 3 जूनला निसर्गने रायगडात श्रीवर्धनपासून वरचा किनारा झोडपला होता, तेव्हा आम्ही बचावलो होतो. तौक्तेने भर हंगामात झाडाखाली कच्च्या-पक्क्या रातांब्यांचा सडा घातला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी त्याच वर्षी मांडलं, की या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे 52 टक्क्यांनी वाढली आहे, कारण समुद्राचं पाणी तापलं आहे. आमच्या लहानपणी वादळ ही बंगालच्या उपसागराकडची, रेडिओवर ऐकायची गोष्ट होती.

मग 2025 आला. 20 मेच्या सुमारास समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि पाऊस लागला तो लागलाच. मान्सून 24 मेला केरळात, 25 ला आमच्या देवगडला आणि 26 ला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. बातम्या लोकलच्या रुळांवरच्या पाण्याच्या होत्या. आमच्या भावंडांच्या ग्रुपवर मात्र गावच्या वहिनीने पाठवलेला फोटो होता: माजघरात पंख्याखाली पसरलेली सोलं, तिसऱ्या पुटावर थांबलेली, कडेला पांढरी बुरशी. निम्मे रातांबे अजून झाडावरच होते. पावसात भिजलेलं फळ पाणचट होतं, तडकतं, दोन दिवसांत सडायला लागतं. पाडायला चढावं तर बुंधा निसरडा. वहिनीने लिहिलं, "ह्या वर्षी साखरेतलं कोकम करूया, त्याला ऊन लागत नाही." बरोबर आहे, सरबत होतं. पण सरबताने माशाच्या आमटीत आंबट पडत नाही, आणि साखरेचा खर्च वेगळा.

त्यातली गंमत अशी, की झाडाला स्वतःला लवकर आलेल्या पावसाचं वाईट वाटायचं कारण नाही. रातांब्याचं बी साठवून टिकत नाही. वाळलं की मेलं. फळ पडलं, केल्ड्यांनी, म्हणजे माकडांनी, गर चोखून बी टाकलं की लगेच ओली माती मिळाली तर ते रुजतं. म्हणजे पिकल्याबरोबर पाऊस ही त्याची सोय आहे. ऊन हवं होतं आम्हांला. झाडाचे हाल वेगळे आहेत आणि ते हळू चालतात. पाऊस दिवाळी ओलांडून रेंगाळला की कळ्या उशिरा येतात, फळ आणखी उशिरा पिकतं आणि नेमकं पावसाच्या तोंडात सापडतं. व्हाळ पूर्वी मार्चपर्यंत वाहायचा, आता शिमग्याच्या आधीच डबकी उरतात. आदल्या पावसाळ्यात उगवलेली वीतभर रोपं पहिल्याच उन्हाळ्यात करपतात. मोठी झाडं आहेत. त्यांच्याखाली लहान दिसत नाहीत, हे आमच्यातल्या सगळ्यांनी वेगवेगळ्या फेऱ्यांत पाहिलं आहे.

2018 मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या रातांब्यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झाड जिथे जिथे आढळतं अशा 56 ठिकाणांच्या नोंदी घेऊन, संगणकावर 2050 आणि 2070 च्या हवामानाशी त्या पडताळून पाहिल्या होत्या. उत्सर्जन बेफाम वाढत राहिलं तर त्याला मानवणारं क्षेत्र घटणार, हा निष्कर्ष अपेक्षितच होता. आम्हांला चटका लावून गेली ती दुसरी गोष्ट. हे झाड कुठे राहील हे ठरवणाऱ्या घटकांत पहिला नंबर पावसाचा नव्हता. तो होता वर्षभरात तापमान किती वरखाली होतं याचा. वर्षाचा एकूण पाऊस त्याच्या बराच मागे. फार टोकाचं सोसत नाही हे जे घरात बोललं जायचं, ते आकड्यांत असं उतरलं.

कुणी म्हणेल, झाडं सरकतात. थंड जागा शोधत डोंगर चढतात. युरोपातल्या पर्वतांवर तसं दिसलंही आहे. कोकणात सरकायचं कुठे? पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्रीचा सरळ कडा. मधल्या चिंचोळ्या पट्टीत सडा, कातळ, महामार्ग, कलमांच्या बागा. बी पडायचं, रुजायचं, फळ धरायला सात-आठ वर्षं, त्यातलं निम्मं नर. आजपासून 2050 पर्यंत झाडाच्या फार तर तीन पिढ्या होतील, त्याही प्रत्येक पिढीला कोयता चुकला तर.

आणि कोयत्याचं नाव काढलंच आहे तर एक सांगायला हवं. हल्ली जे जे जातं ते हवामानबदलाच्या खात्यावर टाकायची पद्धत पडली आहे. ती सोयीची आहे, कारण हवामान कुणाच्या नावावर नसतं. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे डोंगरच्या डोंगर रबरासाठी आणि अननसासाठी साफ झाले, ते तापमानाने केले नाहीत. आमच्याच गावात रस्ता रुंद करताना राईची एक बाजू गेली आणि तिच्याबरोबर आतेच्या हिशेबातली चारपैकी तीन झाडं. तापमान वाढतंय हे खरं, पण ते वाढताना झाडाला जो आडोसा लागणार होता तो आपण आधीच काढून घेतला. दोन्ही गोष्टी एकाच झाडावर एकदम आल्या आहेत.

उपाय नाहीत असं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये 'कोकण अमृता' ही जात दिली. ती लवकर पिकते, साल जाड, त्यामुळे पावसाच्या आधी हाती लागते. कलम लावलं तर चार-पाच वर्षांत फळ. वाळवणी यंत्रं निघाली आहेत, त्यांत सोलं आभाळाकडे न बघता सुकतात. 2016 मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि भाव थोडा वर आला. या सगळ्याचं आम्हांला कौतुक आहे. यंत्रातली सोलं आम्ही खाऊन पाहिली, चांगली असतात. मोठी काकी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिने त्यातलं एक कानाशी नेऊन चुरगाळलं आणि काही न बोलता तोंडात टाकलं. वाईट म्हणाली नाही, हे त्या यंत्राला मिळालेलं मोठंच प्रमाणपत्र.

कलमांची गोम मात्र वेगळी आहे. कलमं करतात ती भरघोस धरणाऱ्या मादी झाडांची, दोन-चार निवडक झाडांची. एकाच चेहऱ्याची बाग उभी राहते. व्हाळाकाठी बियांपासून आलेल्या झाडांत एक आंबटढाण, एक गोडसर, एक मेच्या पहिल्याच आठवड्यात लाल होणारं, एक मिरगातही हिरवं, अशी सरमिसळ होती. उद्याचं हवामान कोणत्या झाडाला झेपेल हे आज कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा ती सरमिसळ हाताशी असलेली बरी. पेडण्याची मावशी तिच्याकडच्या भिंडांना, म्हणजे रातांब्यांना, आमच्यापेक्षा रंग जास्त येतो म्हणायची आणि आई ते कधी कबूल करायची नाही. तेवढा फरक खरोखरच असेल. तोही जपण्याजोगा आहे.

गेल्या दिवाळीपासून पुण्यातला पुतण्या मनावर घेऊन बसला आहे. वरच्या मळीत कोकण अमृताची कलमं लावायची, ठिबक करायचं, वाळवणी यंत्रासाठी अनुदानाचा अर्ज करायचा. ग्रुपवर त्याने नकाशा टाकला, खड्ड्यांचं अंतर टाकलं. आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले. गावच्या वहिनीने तो नकाशा काकीला मोठा करून दाखवला आणि तिचं म्हणणं रेकॉर्ड करून पाठवलं. "कलमां लाव बाबा, पण तेंका घोव खंयसून हाडतलंस?" रोपवाटिकेने नर कलमाचा विषयच काढला नव्हता. मग फोनाफोनी होऊन ठरलं, की दहाला एक या हिशेबाने नर कलमं मागवायची, आणि व्हाळाकाठच्या त्या जुन्या झाडाखालची जागा कुंपण घालून तशीच सोडायची, जे उगवेल ते उगवू द्यायचं. शेजारच्या जागेवाल्याला सरपण हवं असतं, त्याच्याशी बोलायची कामगिरी थोरल्या दादावर आली आहे. त्याने अजून तोंड उघडलेलं नाही.

काकीचा दुसरा निरोपही त्याच रेकॉर्डिंगमध्ये होता: "आणि पयले तीन उन्हाळे पाणी कोण घालतला? तू?" त्याला मात्र ग्रुपवर उत्तर आलेलं नाही. सध्या मे महिन्यात कुणाला किती रजा मिळते, यावर चर्चा चालू आहे.